मदुरा की मदुराई

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या विश्वस्त मंडळाच्या प्रमुख माननीय लीनाताई बोरुडे; पुण्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, जुन्या शस्त्रांचे अभ्यासक डॉ. अवधूत क्षीरसागर; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या नोंद विभागाच्या यशोधराबाई भिंगारदिवे; त्यांचे यजमान भीमराजजी; श्रीगोंद्याहून सकाळच्या एस.टी.नं आलेल्या, व्यासपीठावर बसा म्हणून दोनदा विनवलं तरी थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसलेल्या गीताबाई कोथिंबिरे; पटवेकर वस्तुसंग्रहालयाचे आजी-माजी सेवक, हितचिंतक आणि रसिक नगरकरहो...

अहिल्यानगरकर म्हणायला हवं, कल्पना आहे. जीभ पंचाहत्तर वर्षांची आहे, तिला सांभाळून घ्या.

मला दहा मिनिटं दिली आहेत. या संस्थेचा चिटणीस म्हणून एकोणतीस वर्षं मीच इतरांना दहा मिनिटं देत आलो आणि अकराव्या मिनिटाला चिठ्ठी पाठवत आलो. आज कुणी चिठ्ठी पाठवली तर ती न वाचता मी खिशात घालणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

निरोपाच्या भाषणाचा एक कागद आमच्या कार्यालयात तयार असतो. वक्तशीर, मनमिळाऊ, कामसू, संस्था हेच कुटुंब मानणारे. नाव तेवढं बदलायचं. परवा तो कागद मी काढला, यशोधराबाईंचं नाव लिहायला पेन उघडलं आणि कागद परत ठेवून दिला. त्या वक्तशीर आहेत, मनमिळाऊही आहेत. पण त्यांनी या संस्थेसाठी खरं काय केलं हे सांगायचं, तर मला माझी एक चूक सांगावी लागते. आणि ती झाकून भाषण करायचं वय आता राहिलं नाही.

तर ऐका.

यशोधराबाई आमच्याकडे आल्या त्र्याण्णव साली, मदतनीस म्हणून. शिक्षण दहावी. काम काय, तर काचेची कपाटं पुसायची आणि दालनाला कुलूप लावायचं. मी पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमारास चिटणीस झालो. खरं सांगू का? पहिली दोन वर्षं मला त्यांचं आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली संस्थेचा रौप्यमहोत्सव होता. त्यासाठी आम्ही शस्त्रांचं दालन नव्यानं मांडलं. त्यात सात विदेशी खंजीर होते. सहा खंजीर छावणीतल्या एका बंगल्यातून, एका दिवंगत लष्करी अधिकाऱ्याच्या सामानातून आलेले. सातवा श्रीगोंदा तालुक्यातल्या एका माणसानं चौऱ्याहत्तर साली स्वतः आणून दिलेला. त्या माणसाचं नाव कारभारी खेतमाळीस. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ते इंग्रजांच्या फौजेत ट्रक चालवायला होते आणि फौजेबरोबर जावा बेटावर गेले होते. तिथून परतताना त्यांनी तो खंजीर आणला होता. गीताबाई त्यांच्या कन्या.

या सातही कार्डांचा मजकूर मी लिहिला. सहांसाठी एकच ओळ: ‘जावा येथील खंजीर’. सातव्यासाठी जुनी नोंदवही उघडली. त्यात चौऱ्याहत्तर सालच्या कारकुनानं लिहिलं होतं, ‘खंजीर एक, मदुरा’. मी विचार केला, मदुरा म्हणजे मदुराई. मुठीवर फुलं, वेलबुट्टी, एक पंख असलेला घोडा, सगळं कोरीव. दक्षिणेकडच्या देवळातलंच काम हे! मी कार्डावर लिहिलं, ‘मदुराई, तमिळनाडू’. एक नकाशा उघडून बघितला असता तर दोन मिनिटं लागली असती. पण ज्याला आपल्याला सगळं येतं असं वाटतं, तो नकाशा कशाला उघडेल?

उद्घाटनाला आम्ही देणगीदारांना बोलावलं होतं. शाल, श्रीफळ, दोन शब्द. कारभारी खेतमाळीस आले, मुलीला घेऊन. पंचाहत्तरीचे होते, म्हणजे आज मी आहे तेवढेच. पांढरं धोतर, काळी टोपी, छातीवर लष्कराची दोन पदकं. याच सभागृहात, याच जागी उभे राहिले आणि म्हणाले, “ह्यो खंजीर मदुऱ्याचा हाय. मदुरा बेट हाय. सुरबाया शहराच्या म्होरं, मधी थोडा दर्या. तितल्या एका म्हाताऱ्यानं मला आपल्या हातानं दिला. खाली कार्डावर मदुराई लिवलंय, तेवढं साहेबांनी नीट करावं.”

मी बसल्या जागेवरून उठलो. माईक घेतला. म्हणालो, “आजोबा, मदुरा म्हणजेच मदुराई. ती तमिळनाडूत आहे. आणि तिथं बेट नाही, देऊळ आहे.”

सभागृह हसलं.

ते म्हणाले, “साहेब, मी तितं गेल्तो.”

त्यावर मी जे बोललो ते आज सत्तावीस वर्षांनी जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, “वयानं विसरायला होतं, आजोबा.” आणि पुढच्या देणगीदाराचं नाव पुकारलं.

मंडळी, एवढंच झालं. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणाला ढकललं नाही. पण दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात चौकट आली, ‘जावाचा खंजीर निघाला मदुराईचा’. ती चौकट श्रीगोंद्याला पोहोचली. म्हातारा कधी परदेशी गेलाच नाही, मद्रासच्या बाजारात सुरी घेतली आणि आयुष्यभर गावाला गोष्ट सांगितली, असं पारावर बोललं जायला लागलं. त्यांना लोक ‘मदुराई मेजर’ म्हणायला लागले. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्यापुढं त्यांची एक खुर्ची असायची. त्या वर्षीपासून ते झेंड्याला गेले नाहीत. दोन हजार तीन साली ते वारले.

यातलं मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं.

मात्र त्या दिवशी एका व्यक्तीनं काहीतरी केलं. कारभारी समारंभ अर्धवट सोडून बाहेर गेले, तेव्हा कपाटं पुसणाऱ्या बाई त्यांच्यामागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या. आपल्या त्या दगडी पायऱ्यांवर म्हातारा बसला होता, शेजारी लेक. यशोधराबाई खालच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “बाबा, मला सांगा. मी ऐकते.”

त्यांनी सांगितलं. शेहेचाळीस साल. सुरबायात लढाई होऊन गेलेली, शहर पडलेलं, रस्त्यावर आपल्याच फौजेचा पहारा. तिथले लोक स्वातंत्र्य मागत होते आणि आपले जवान इंग्रजांच्या हुकमानं त्यांच्यासमोर उभे. कारभारी म्हणाले, “ते सोराज मागत हुते बाई, आनि आमी गोऱ्याच्या गाडीत. आमाला लाज वाटायची, पन पोटाला बांधल्यालो.” हुकूम होता की रस्त्यात गाडी थांबवायची नाही. एका वळणावर एक म्हातारा गाडीसमोर आडवा झाला. त्याची सून अडलेली होती, दीड दिवस झाला होता. कारभारींनी गाडी थांबवली. पोत्यांवर तिला झोपवलं आणि लष्कराच्या दवाखान्यात नेलं. त्याबद्दल त्यांना सात दिवसांची कैद झाली. कैदेतून सुटले त्या दिवशी तो म्हातारा छावणीच्या फाटकाशी उभा होता. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. त्यानं फडक्यात गुंडाळलेला हा खंजीर दोन्ही हातांनी पुढं केला. तो मदुरा बेटावरचा माणूस, खंजीर त्याच्या वडिलांचा. भाषा कळत नव्हती, म्हणून त्यानं वस्तूच्या एकेका भागावर बोट ठेवून त्याचं नाव सांगितलं. कारभारींच्या लक्षात एकच राहिलं. ते म्हणाले, “मुठीला तितं दोनोरिको म्हनत्यात. आपल्या दोनसारकं, म्हनून धेनात ऱ्हायलं.”

यशोधराबाईंनी हे सगळं समारंभाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेच्या मागं लिहून घेतलं. का लिहिलंत, असं मी त्यांना पुढं कधीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, “सर, ते रडत नव्हते. खोटं बोलणारा माणूस पकडला गेला की रडतो किंवा चिडतो. ते नुसते दमलेले दिसत होते.”

आता पुढची वीस-पंचवीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती घडायला भराभर घडली नाहीत. यशोधराबाई मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाल्या. वस्तूंच्या जतनाचा अभ्यासक्रम केला. मदतनिसाच्या जतन सहायक झाल्या, मग नोंद विभाग त्यांच्याकडे आला. भीमराजजी एस.टी.त वाहक होते. ते मला एकदा म्हणाले, “साहेब, आमच्या घरी ताटाशेजारी लोणच्याऐवजी खंजिराचे फोटो असतात.” हसू नका, ते खरंच होतं. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की बाई फोटो मांडून बसायच्या.

या खंजिरांना तिकडे केरिस म्हणतात. बाहेरून पाहिलं तर सगळे सारखेच वाटतात, नागमोडी पातं आणि वाकडी मूठ. आम्ही सहांवर एकच ओळ लिहून मोकळे झालो होतो. यशोधराबाईंनी ते एकेक करून हातात घेतले. एकाची मूठ साधी, घडीव बाजूंची, ती जावाची. एकाचं पातं लांब आणि आरशासारखं गुळगुळीत, मुठीवर डोळे वटारलेला राक्षस, तो बालीचा. एकाची मूठ पक्ष्याच्या मानेसारखी काटकोनात वळलेली, तो सुलावेसी बेटावरच्या बुगी लोकांचा. एकाची मूठ म्हणजे थंडीतापानं अंग आखडून बसलेला माणूस, पातं सरळ आणि सडपातळ, तो सुमात्राकडचा. राहिलेल्या दोहोंपैकी एक पुन्हा जावाचाच, पण दुसऱ्या राजधानीच्या वळणाचा. आणि शेवटच्यावर त्यांनी काय लिहिलं माहीत आहे? ‘पातं एका ठिकाणचं, म्यान दुसऱ्या ठिकाणचं. मूळ ठिकाण खात्रीनं सांगता येत नाही.’ डॉ. क्षीरसागर, तुम्ही मान डोलावलीत. चिटणीसाला आयुष्यभर न जमलेलं वाक्य आहे ते!

सातव्यासाठी त्या भिंगारला गोरक्षनाथ लोहारांकडे गेल्या. नियमाप्रमाणे वस्तू बाहेर नेता येत नाही, म्हणून फोटो घेऊन गेल्या. गोरक्षनाथ म्हणाले, “बाई, फोटूवर मी काय सांगू? बोलवा, येतो.” आले. पातं उजेडात तिरकं धरलं, मुठीजवळ नख फिरवलं आणि म्हणाले, “ही बुडाची पट्टी येगळी हाय. पातं घडवून झाल्यावर बसवलीय. आपल्याकडं असलं कुनी करत न्हाई.” ती वेगळी पट्टी हीच केरिसची खूण. मग सुप्याच्या एका कारखान्यातून धातू तपासायचं हातातलं यंत्र मागवलं. पात्यावरच्या पांढऱ्या रेषांत निकेल निघालं. तिकडचे कारागीर लोखंडाच्या थरांत निकेलचं लोखंड घालून ती नक्षी काढत. मदुराईची शक्यता बाद झाली.

पण कुठलं बेट? यशोधराबाईंनी हॉलंडमधल्या एका संग्रहालयाला पत्र लिहिलं. त्यांनी सुरबायातल्या एका निवृत्त शाळामास्तरांचा पत्ता दिला. फोटो गेले. तीन आठवड्यांनी मास्तरांचं उत्तर आलं. पहिली ओळ अशी होती की फुलं, वेल आणि पंखांचा घोडा असलेली ही मूठ मदुरा बेटावरची आहे. दुसरी ओळ अशी, की तिला आम्ही दोनोरिको म्हणतो.

यशोधराबाईंनी घरी जाऊन पत्र्याच्या पेटीतून ती कार्यक्रमपत्रिका काढली. भीमराजजी सांगतात, त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

हे झालं दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये. बाईंनी सगळं टंकून माझ्या टेबलावर ठेवलं. खाली शिफारस: ‘मूठ व म्यान मदुरा बेट. पातं मदुरा किंवा पूर्व जावा. दात्याच्या सांगण्याप्रमाणे, सुरबाया येथे भेट मिळालेला. कार्ड बदलावे.’ सहीची जागा मोकळी.

आणि मी सही केली नाही.

का? कारणं भरपूर होती. मंडळाची बैठक लागेल, तज्ज्ञांचं मत लागेल, कारखान्यातल्या यंत्रानं इतिहास ठरतो का? मी बाईंना म्हणालो, “संस्थेची चूक अशी चव्हाट्यावर आणायची नसते.” त्या म्हणाल्या, “सर, चूक आधीच चव्हाट्यावर आहे. दुरुस्ती तेवढी कपाटात आहे.” मी रागावलो. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या सहीशिवाय मी कार्डाला हात लावणार नाही. पण पाहुण्यांना मदुराई म्हणून सांगणारही नाही.”

आठ महिने, मंडळी. आठ महिने त्या पाहुण्यांना दालन दाखवत. तलवारी, भाले, सहा खंजीर, सगळ्यांविषयी रंगून बोलत आणि सातव्या कपाटापाशी गप्प उभ्या राहत. एकदा राहुरीच्या एका शिक्षिका आल्या होत्या. मी शेजारच्या खोलीत होतो. त्यांनी विचारलं, “हा मदुराईचा आहे ना? कार्डावर आहे की.” यशोधराबाई म्हणाल्या, “कार्डावर आहे.” पुढं काही नाही. त्या शिक्षिका म्हणाल्या, “मग खरं काय ते कोण सांगणार?” यशोधराबाईंनी उत्तर दिलं, “ज्यांनी कार्ड लिहिलंय, तेच सांगतील. चांगले आहेत ते. थोडा वेळ लागतोय.”

मी भिंतीपलीकडे खुर्चीत बसून होतो. ‘चांगले आहेत ते.’ शिवी दिली असती तर मी आणखी आठ महिने काढले असते. त्या दिवशी मी सही केली.

आठवड्यानं आम्ही दोघं श्रीगोंद्याला गेलो. गीताबाई लिंबाच्या बागेत लिंबं वेचत होत्या. मी ओळख दिली, नव्या कार्डाचा फोटो पुढं केला. त्यांनी हात पदराला पुसले. वाचता येत नाही म्हणून यशोधराबाईंनी वाचून दाखवलं. शेवटी वडिलांचं नाव आलं तेव्हा गीताबाई खाली बसल्या.  माझी अपेक्षा काय होती सांगू? त्या डोळे पुसतील, झालं ते झालं म्हणतील, चहा करतील.

त्या म्हणाल्या, “साहेब, हे माज्यापाशी कशाला सांगताय? मला ठावंच हुतं. माजा बाप खोटं बोलत न्हवता, हे मला कार्डानं कळायचं व्हय? तवा हॉल भरला हुता. लोक हसले ते तुमी बोलला म्हनून हसले. सांगायचं तर भरल्या हॉलात सांगा.”

चहा त्यांनी केला. पण यशोधराबाईंसाठी. मला दिला तो त्यांच्याबरोबर आलेला माणूस म्हणून.

मी येतो म्हणालो, सांगतो म्हणालो. आणि पुन्हा दीड वर्ष गेलं. हॉल भरायला निमित्त मिळत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मग या निरोपाची तयारी निघाली. लीनाताईंनी यशोधराबाईंना विचारलं, तुम्हाला भेट काय देऊ? पैठणी, घड्याळ, मानपत्र? बाई म्हणाल्या, “गीताबाईंना बोलवा. आणि सरांना बोलू द्या.” एवढंच. लीनाताईंना अर्थ कळला नाही. मला कळला.

यशोधराबाई, तुमचे गुण सांगायला मी उभा राहिलो आणि बोललो ते निम्मं माझ्याविषयी. ते मला माहीत आहे. पण सत्तावीस वर्षांत तुम्ही मला एकदाही ‘तुम्ही चुकलात’ असं म्हणाला नाहीत. ते मीच म्हणावं म्हणून थांबलात. इतक्या वर्षांची सोबत ज्याला मिळाली, त्यानं आणखी काय मागावं?

तर आता मूळ काम. श्रीगोंद्याहून आलेल्या गीताबाई आणि हे सगळं सभागृह साक्षी ठेवून सांगतो. कारभारी खेतमाळीस खरं बोलत होते. चूक माझी...

काय? माफ करा, मागून कुणीतरी... गीताबाई, बोला.

गीताबाई म्हणताहेत, “हितं काय ऐकू आलं न्हाई, साहेब.” बरोबर आहे. माईकपासून तोंड वळलं माझं.  

पुन्हा सांगतो. मोठ्यानं सांगतो.

कारभारी खेतमाळीस खरं बोलत होते. ते जावाला गेले होते. हा खंजीर मदुरा बेटावरचा आहे आणि तो त्यांना सन्मानानं मिळाला होता. सत्तावीस वर्षांपूर्वी या जागेवरून मी, मार्तंड धर्माधिकारी, त्यांना खोटं पाडलं. तेव्हा विसरलेला माणूस कुणी असेल, तर तो मी होतो. घरी आलेल्या पाहुण्याशी कसं बोलावं, हे मी विसरलो होतो.

आता ऐकू आलं ना?

... बरं.

अध्यक्षांनी इतका वेळ दिला, प्रमुख पाहुण्यांनी पुण्याच्या गाडीची वेळ पुढं ढकलली, गोरक्षनाथ आज भट्टी बंद ठेवून आले, भीमराजजींनी इतकी वर्षं ताटाशेजारचे खंजीर सहन केले, या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. यशोधराबाई, तुम्हाला निरोगी आणि मोकळं आयुष्य लाभो. दालनाच्या किल्ल्या सोमवारपर्यंत तुमच्याकडेच असू द्या. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, क्रम चुकला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेवढं उदार मनानं पोटात घालावं. त्याआधीच्या चुकीबद्दल मात्र तुमच्याकडे मी काही मागत नाही. गीताबाई उठून उभ्या राहिल्या आहेत आणि पुढं येताहेत, त्यांना वाट द्या. माईक जरा खाली करा. त्यांना बोलायचं आहे.